डाउन यांनी चालवलेले घर

उल्हासनगर कॅम्प ५ मधून एका आईचे पत्र आले आहे. मुलगी ३४ वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली. आईवडील सत्तरीला टेकलेले. आपल्यामागे तिला निवासी संस्थेत ठेवायचे तर ती संस्था चांगली की वाईट हे ओळखायचे कशावरून, असा त्यांचा प्रश्न आहे. बदलापूरजवळ बेंडशीळला ‘संगोपिता’ आहे, डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच मिळून उभारलेले ‘घरकुल’ आहे. पण गरजेच्या मानाने अशा जागा थोड्याच. शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे, कारण ही मुले बहुधा लहानपणीच दगावत. आता हृदयातला दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो, संसर्गावर औषधे आहेत आणि अनेकजण साठीपर्यंत जगतात. आईवडिलांच्या मागे जगतात, ही यातली नवी गोष्ट.

ज्यांच्या आडनावावरून या अवस्थेला नाव मिळाले (हा आजार नव्हे, जन्मजात अवस्था आहे), त्या डॉक्टरांनी आयुष्यभर निवासी संस्थाच चालवल्या, हे फारसे सांगितले जात नाही.

जॉन लँग्डन डाउन यांचा जन्म १८२८ सालचा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. घरचे औषधांचे आणि वाणसामानाचे दुकान होते. शाळा लवकर सुटली आणि मुलगा दुकानात बसला. अठराव्या वर्षाच्या सुमारास पावसामुळे एका घरात आसरा घ्यावा लागला. तिथे पाहुण्यांचे हवे-नको बघणारी मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात राहिला. वडील गेल्यावर, पंचविशीच्या आसपास, ते लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षणाला लागले आणि सुवर्णपदके घेऊन बाहेर पडले. मोठ्या रुग्णालयातली बढतीची वाट समोर मोकळी होती. ती सोडून १८५८ साली त्यांनी अर्ल्सवुडच्या संस्थेचे वैद्यकीय अधीक्षकपद घेतले. त्या काळी अशा मुलांच्या संस्थेत जाणे म्हणजे डॉक्टरने स्वतःचे नुकसान करून घेणे, असेच सहकाऱ्यांना वाटले असणार.

अर्ल्सवुडची इमारत भव्य होती, जेमतेम तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली. आत मात्र अस्वच्छता होती, मारहाण होती, आणि सरकारी तपासनीसांनी संस्थेवर ताशेरे ओढले होते. डाउन यांनी पहिल्यांदा मारहाण बंद केली. मग स्वच्छतेकडे आणि कर्मचाऱ्यांच्या वागणुकीकडे लक्ष दिले. बागकाम, हस्तकला, व्यायाम सुरू झाले. मुलांना लुटुपुटीचे दुकान मांडून दिले जाई. एकाने विकायचे, दुसऱ्याने घ्यायचे, वजने आणि नाणी हाताळत हिशेब शिकायचा. दुकानदाराच्या मुलालाच हे सुचावे! रहिवाशांची त्यांनी काढलेली सुमारे २०० छायाचित्रे आजही आहेत. त्यांतली माणसे नीटनेटक्या कपड्यांत, कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेली दिसतात. याच संस्थेत जेम्स हेन्री पुलन हा जवळपास बहिरा असलेला कारागीर राहत होता; ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाची त्याने पुढे काही वर्षे खपून केलेली प्रतिकृती प्रसिद्ध आहे.

१८६६ साली त्यांनी या अवस्थेची लक्षणे नेमकी नोंदवली. पण वर्गीकरणासाठी चेहऱ्यांची तुलना वंशांशी केली आणि या मुलांना ‘मंगोल’ ठरवले. ती चूक होती आणि महागात पडली. हे नाव काढून टाकायला शास्त्रज्ञांनी जाहीर मागणी केली ती १९६१ साली. त्याआधी दोनच वर्षे लेज्यून आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले होते, की या मुलांच्या पेशींत २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते.

अर्ल्सवुडशी त्यांचे फाटले ते साध्या गोष्टीवरून. रहिवाशांच्या हातच्या वस्तू पॅरिसच्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या; व्यवस्थापनाला तो खर्च नको होता. पत्नी मेरी तिथे वर्षानुवर्षे बिनपगारी राबत होती, तिच्या कामाचीही किंमत नव्हती. १८६८ साली दोघांनी लंडनजवळ स्वतःची संस्था काढली, नॉर्मन्सफिल्ड. सधन घरांतली मुले फी भरून तिथे राहत, हे खरे. गरिबांची सोय तिथे नव्हती. पण शिक्षण होते, शेत होते आणि १८७९ साली रहिवाशांसाठी चक्क नाट्यगृह बांधले गेले. कारभार मेरी पाहत. डाउन १८९६ साली गेले. पुढे मुलांनी संस्था चालवली. १९०५ साली त्यांच्याच एका नातवाचा जन्म डाउन सिंड्रोमसह झाला.

आता पुढचा भाग, जो चरित्रात सहसा येत नाही. १९५१ साली नॉर्मन्सफिल्ड सरकारी आरोग्यसेवेत गेले. वॉर्डांची अवस्था भयानक झाली होती आणि १९७६ च्या मे महिन्यात तिथल्या परिचारकांनी संप केला. १९७८ च्या चौकशी अहवालात सगळेच बाहेर आले. आवार तेच, नाट्यगृह तेच, भिंतीवरचे नावही तेच. रोज वॉर्डात फिरून पाहणारा माणूस तेवढा नव्हता, आणि त्याची जागा घेईल अशी तपासणीची व्यवस्था कुणी उभी केली नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण दूरचे नाही. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका निवासी संस्थेत बौद्धिक अक्षम मुलींवरचे अत्याचार उघड झाले, तेही उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने भेट दिल्यानंतर. ज्यांना काय घडले ते धड सांगता येत नाही, त्यांच्या घरात बाहेरचा डोळा लागतो.

म्हणून कॅम्प ५ मधल्या त्या ताईंना एवढेच सुचवतो. इमारत आणि फरशी शेवटी पाहा. आधी २०१६ च्या अपंग हक्क कायद्याखालची नोंदणी मागा. रात्री किती माणसे कामावर असतात, मुलींच्या खोल्यांकडे कोण असते, वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, हे विचारा. न कळवता, जेवणाच्या वेळी जा. त्याला नकार मिळाला तर परत या. मुलीला आधी चार दिवस ठेवून पाहा आणि घरी आल्यावर तिची झोप, भूक, अंगावरचे वळ बघा. आणि कायदेशीर पालकत्वाचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे आपण हयात असतानाच करून ठेवा.