अलीगढच्या भिंतीवरची नावे

रमजान हा जकात आणि सदक्याचा महिना. या दिवसांत देणारे हात पुष्कळ असतात, पण दिलेल्या पैशातून काय उभे राहणार आहे, हे देणाऱ्याच्या मनाला पटवून देणारा माणूस क्वचितच भेटतो. सर सय्यद अहमद खान हे असे माणूस होते.

१७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत त्यांचा जन्म झाला. पुढे ते इंग्रजांच्या न्यायखात्यात नोकरीला लागले. १८५७ च्या उठावात दिल्ली उद्ध्वस्त झाली. सय्यद घरी पोहोचले तेव्हा वृद्ध आई उपासमारीने खंगलेली सापडली. तिला त्यांनी मेरठला नेले, पण ती फार दिवस जगली नाही. देश सोडून जावे, असेही त्यांच्या मनात आले. शेवटी त्यांनी इथेच राहून कौमला शिक्षणाच्या वाटेवर आणायचे ठरवले.

१८६९ साली ते इंग्लंडला गेले आणि तिथली विद्यापीठे पाहून आले. परतल्यावर त्यांनी ‘तहजीब-उल-अखलाक’ हे नियतकालिक काढले. त्यातून ते लोकांशी गोष्टीच्या रूपानेही बोलत. एका लेखात त्यांनी वर्षाच्या शेवटच्या रात्री वाया गेलेल्या आयुष्यावर रडणारा म्हातारा रंगवला. अखेरीस कळते, की तो म्हातारा म्हणजे एका मुलाला पडलेले स्वप्न होते. मुलगा जागा होतो आणि त्याच्या हाती अजून सगळे आयुष्य शिल्लक असते. शिक्षण का हवे, हे अशा गोष्टीतून वाचकाच्या मनात उतरे.

२४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा सुरू झाली. १८७७ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजची पायाभरणी झाली. पैसा मात्र दारोदार फिरूनच गोळा करावा लागला. सर सय्यद यांना काफिर ठरवणारे फतवे निघाले होते. पंजाबच्या दौऱ्यात त्यांनी त्या आरोपावर वाद घातला नाही. त्यांनी श्रोत्यांपुढे एक साधे चित्र उभे केले. मशीद बांधताना गवंडी आणि मजूर कोणत्या धर्माचे आहेत, हे कुणी विचारत नाही. मलाही तसाच एक मजूर समजा आणि तुमच्या मुलांचे घर बांधू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी पैसे दिले. पतियाळाच्या शीख आणि विजयनगरमच्या हिंदू राजांनीही हात दिला.

लाज त्यांनी बाजूला ठेवली होती. प्रदर्शनात दुकान मांडून त्यांनी पुस्तके विकली. लॉटरी काढली, तेव्हा धार्मिक मंडळी नाराज झाली. १८९४ साली गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी सत्तरी ओलांडलेले सर सय्यद रंगमंचावर उभे राहिले. यात प्रतिष्ठा जाईल, असे मित्रांना वाटत होते. मुलांची फी भरली जाणे त्यांना प्रतिष्ठेपेक्षा मोठे वाटले. त्यांच्या विद्यार्थ्यांनीही ‘अंजुमन-उल-फर्ज’ ही संस्था काढली आणि सुट्टीत गावोगाव फिरून गरजू मुलांसाठी वर्गणी जमवली.

देणगीदारांची नावे कॉलेजच्या इमारतींवर आणि भिंतींच्या दगडांवर कोरली गेली. थोडी रक्कम देणाऱ्यालाही तिथे जागा मिळाली. जो देई, तो त्या कहाणीतले एक पात्र होई.

१८९५ साली मात्र मोठा घाव बसला. कार्यालयातल्या एका विश्वासू कारकुनाने कॉलेजचे लाखाहून अधिक रुपये हडप केल्याचे उघड झाले. लोकांनी त्यांच्या शब्दावर पैसा दिला होता, पण त्या पैशाच्या हिशेबावर पुरेशी नजर राहिली नव्हती. हे दुःख त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले.

२७ मार्च १८९८ रोजी अलीगढमध्ये त्यांचे निधन झाले. घरात एवढीही शिल्लक नव्हती, की कफनदफनाचा खर्च मित्रांना करावा लागला. आयुष्यभर कौमसाठी झोळी पसरणाऱ्याने स्वतःसाठी काही राखले नव्हते. म्हणूनच घोटाळ्यानंतरही त्यांच्या नावाने निधी जमत राहिला. १९२० साली त्या कॉलेजचे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. भिंतींवरची ती नावे आजही तिथे आहेत.