औंधच्या राजांचा नेम



नव्या वर्षी मोठ्या उत्साहाने सुरू केलेला व्यायाम महाशिवरात्र येईपर्यंत बहुतेक घरांतून बंद पडलेला असतो. आम्हीही त्यांतलेच. गंगा तलावाला पायी जाण्याचा नेम मात्र आपण सहसा चुकवत नाही. असे का व्हावे? याचे उत्तर आम्हाला औंधच्या राजांच्या चरित्रात सापडले.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 साली झाला. सातारा भागातील औंध हे लहानसे संस्थान. 1909 साली ते तिथे गादीवर बसले. राजे चित्रकार होते, कीर्तनकार होते. 1939 साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवून गावोगावी पंचायतींचा कारभार सुरू केला. तरी घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते सूर्यनमस्कारामुळे.

तरुणपणी त्यांना व्यायामाची आवड होतीच. 1897 साली त्यांनी त्या काळचे जगप्रसिद्ध पहिलवान सँडो यांची साधने आणि पुस्तके विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. पुढे 1908 साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. इथेच त्यांचे शहाणपण दिसते. त्यांनी व्यायामाचा प्रकार बदलला, पण व्यायाम सोडला नाही.

सूर्यनमस्काराला साधने लागत नाहीत. अंथरलेल्या सतरंजीएवढी जागा पुरते. बाहेर पाऊस असो की वादळ, घरातल्या घरात तो घालता येतो. म्हणजे चुकवायला सबबच उरत नाही. राजांनी त्याला बीजमंत्रांची जोड दिली. सकाळच्या स्नानसंध्येसारखा तो दिवसाचा एक भाग झाला. स्नान करावेसे वाटते की नाही, असे आपण रोज मनाला विचारतो का? नमस्कारांचेही तसेच झाले.

दुसरी गोष्ट अशी की, ते एकटे राहिले नाहीत. राणीसाहेबही नमस्कार घालीत. स्त्रियांनी हा व्यायाम करावा असा राजांचा आग्रह होता. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना तो शिकवला जाई. आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे की, मुले आज्ञेपेक्षा उदाहरण लवकर उचलतात. इथे तर खुद्द राजाच आधी करून दाखवीत होता.

1938 साली लंडनमध्ये त्यांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीचे होते. 1951 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोवर औंध संस्थान विलीन झाले होते. राज्य गेले, पण त्यांनी रुजवलेला नमस्कार राहिला. आज तो देशोदेशी घातला जातो.

मधुमेहाने आपल्या बेटावरची किती कुटुंबे ग्रासली आहेत, हे सांगायला नको. औषधे डॉक्टर देतील, पण रोजची हालचाल आपली आपल्यालाच करायची आहे. हुरूप हा पाहुण्यासारखा असतो. येतो आणि जातो. नेम मात्र घरच्या माणसासारखा असतो. तेव्हा शंभराचा संकल्प नको. उद्या सकाळी स्नानाआधी, मुलांना शेजारी घेऊन, झेपतील तसे पाचच नमस्कार घालू या. परवाही पाचच. पण परवाचे चुकवायचे नाहीत.