कृष्ण आणि ज्ञानेश्वर साकारणारा ख्रिस्ती नट : शाहू मोडक

पडद्यावरील श्रीकृष्ण आणि संत ज्ञानेश्वर म्हणून ज्यांची मूर्ती मराठी मनावर ठसली, ते नटवर्य शाहू मोडक ख्रिस्ती घरात जन्मलेले होते. आपल्या तरुण वाचकांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल. वऱ्हाडात तर या दोन्ही भूमिकांना विशेष जवळीक आहे. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून श्रीकृष्णाने तिचे हरण केले, अशी कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणजे श्रीकृष्ण वऱ्हाडचा जावईच! अमरावती जिल्ह्यात जन्मलेले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तर स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत.

मोडकांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य तेथे १८३१ पासून चालू होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमीही तीच. प्रभू ख्रिस्ताची भक्ती अभंगातून गावी आणि कीर्तनातून सांगावी, हा टिळकांचा आग्रह. संतवाणी त्या परिसरातील ख्रिस्ती घरांना परकी नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे मोडकांची पुढील वाटचाल तितकीशी अजब वाटत नाही.

१९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात ते बाळकृष्ण झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा होते. गोड गळा आणि प्रसन्न चेहरा या बळावर त्यांनी प्रेक्षकांना जिंकले. दुसऱ्याच वर्षी ‘आवारा शहजादा’मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली, भारतीय बोलपटातील ती पहिलीच मानली जाते. पुढे श्रीकृष्ण त्यांच्या वाट्याला इतक्या वेळा आला की, २९ चित्रपटांत त्यांनी ही भूमिका केल्याची नोंद आढळते. ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) ते भरत झाले, तर त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये ते नायक होते. त्या चित्रपटात बालवयातील लता मंगेशकरही पडद्यावर दिसल्या.

आमच्या मते मात्र त्यांचा खरा कस लागला तो व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये (१९३९). गणपत हा साधा पोलीस शिपाई वेश्यावस्तीतील मैनेवर प्रेम करतो, तिला सन्मानाने घरी आणू पाहतो. शांता हुबळीकरांची मैना अविस्मरणीय आहेच. पण तिच्याकडे तुच्छतेने न पाहणारा, भोळा, गोंधळलेला गणपत मोडकांनी इतक्या संयमाने उभा केला की, शुभवर्तमानातील पापी स्त्रीची आठवण ख्रिस्ती प्रेक्षकाला झाल्यावाचून राहत नाही.

लगेच १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांचा ‘संत ज्ञानेश्वर’ आला. ज्या संताला समाजाने बालपणी बहिष्कृत केले, त्याची भूमिका एका ख्रिस्ती तरुणाकडे सोपवताना ‘प्रभात’ने त्याचा धर्म आड येऊ दिला नाही, आणि प्रेक्षकांनीही त्याला मनापासून स्वीकारले. अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा १९६५ चा. म्हणजे हा चित्रपट त्याच्या पंचवीस वर्षे आधीचा.

ख्रिस्ती माणसाने दुसऱ्यांच्या देवाची भूमिका करावी काय, असा प्रश्न आजही एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी पालक विचारतात. अभिनय म्हणजे उपासना नव्हे, एवढे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते. अमरावती-अकोल्यात आपण संख्येने थोडे. शेजाऱ्याच्या श्रद्धेला आदराने हात लावता येतो, हे मोडकांनी दाखविले. उत्तरायुष्यात ते ज्योतिषाकडे वळले. ते आपल्याला पटण्याजोगे नाही. पण म्हणून त्यांची कला उणी ठरत नाही.

११ मे १९९३ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी प्रतिभा मोडक यांनी ‘शाहू मोडक : प्रवास एका देवमाणसाचा’ हे त्यांचे चरित्र लिहिले आहे. ग्रंथालयात मिळाल्यास वाचकांनी ते अवश्य वाचावे.