वकील बाबासाहेब आणि आपली मुले

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लेख असतोच. घटनेचे शिल्पकार, महाडचे सेनानी, धम्मदीक्षा देणारे महामानव म्हणून आपण त्यांच्याविषयी पुष्कळ वाचले आणि ऐकले आहे. यंदा आम्ही ठरवले, की बाबासाहेब वकील म्हणून कसे उभे राहिले, तेवढेच लिहायचे. त्याला कारण आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथली आपली मुले-मुली आता सकाळची लोकल पकडून पुण्याला कायदा शिकायला जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्षण संपते, अंगावर काळा कोट चढतो, आणि मग दोन-तीन वर्षे हाती काहीच लागत नाही. सिनियरची फाईल धरायची आणि तारखा लिहून घ्यायच्या. घरचे म्हणतात, बाळा, एवढं शिकून काय मिळवलंस, सोड ते आणि कंपनीत लाग. काही जण खरोखरच सोडून देतात. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी हे लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि लगेच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. सामान दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट युद्धात बुडाली आणि पुस्तके तिच्याबरोबर गेली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. एवढा शिकलेला माणूस, पण कचेरीतला शिपाईसुद्धा विटाळ मानायचा. ती नोकरी सोडावीच लागली.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पुरे झाले शिक्षण. बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली आणि पगारातून पै-पै बाजूला ठेवली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, हा त्यांचा रोजचा क्रम होता. सकाळी पावाचा तुकडा, रात्री भूक लागली की भाजलेला पापड. इकडे परळच्या चाळीत माता रमाई कशा दिवस काढत होत्या, ते आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली डी. एस्सी. झाले आणि मायदेशी परतले.

आता खरी गोष्ट सुरू होते. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांचा पदवीधर आणि बॅरिस्टर झालेला हा माणूस मुंबईला आला, तर हायकोर्टात वकिली करायला लागणारी सनद काढण्यापुरते पैसेही जवळ नव्हते. त्या वेळीही भथेनाच धावून आले. १९२३ साली वकिली सुरू झाली, पण कामे येईनात. मोठी कामे त्या काळी सॉलिसिटरांच्या हातून यायची, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला ते तयार नसत. बाबासाहेब अपील शाखेत काम करीत, मिळेल त्या खटल्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टात जात. परळला दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. तिथे गोरगरीब यायचे, आणि पुष्कळांकडे द्यायला फी नसायची. घर चालायला हवे म्हणून १९२५ पासून तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ साली ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले. म्हणजे वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत बाबासाहेबांनीही जोडधंदा केला आहे. आपल्या मुलांनी सकाळी शिकवणी घेतली किंवा संध्याकाळी टायपिंग केले, तर त्यात कमीपणा कसला?

पहिला गाजलेला खटला आपल्या पुणे जिल्ह्यातलाच आहे. देशाचे दुश्मन या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टात शिक्षा लागली. पुण्याच्या सेशन कोर्टातील अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि १९२६ साली आरोपी सुटले. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला होता. घरात असे दुःख असताना हा माणूस दुसऱ्याच्या सुटकेसाठी कोर्टात उभा होता, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रत्येक खटला ते जिंकले असे मात्र नाही. १९३४ साली समाजस्वास्थ्य मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते हायकोर्टात उभे राहिले. संततिनियमन आणि शरीरविज्ञानाविषयी उघडपणे लिहिले म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा आरोप होता. तो खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण लोकमत विरोधात असताना त्यांची बाजू घेणे हे वकिलाचे काम होते, आणि ते त्यांनी केले. नव्या वकिलाने हरलेल्या खटल्याने खचू नये, ते यासाठीच.

सर्वांत मोठा धडा महाडचा आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पुढचे मात्र फार थोड्यांना माहीत असते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो माणसे तळ्यावर जायला उतावीळ झाली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, तो कोर्टातच उठवायचा, असे ठरले. लोकांना आवरणे सोपे नव्हते, पण त्यांनी ऐकले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा आपल्या बाजूने निकाली काढला. विरोधक ठाण्याला अपिलात गेले, तिथे जानेवारी १९३३ मध्ये हरले. मग ते हायकोर्टात गेले. तिथे १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला आणि तोही आपल्या बाजूने.

सव्वानऊ वर्षे हा दावा चालला. जिंकला तो कशावर? तळ्याची जागा नगरपालिकेची होती, आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची चाल अनादि काळापासून आहे हे विरोधकांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. म्हणजे रस्त्यावर जो हक्क बजावला, तो कागदांनी आणि पुराव्यांनी कोर्टात टिकवला. आंदोलन आणि कोर्ट ही बाबासाहेबांची दोन पावले होती, एक दुसऱ्याला सोडून चालत नव्हते.

जून १९३५ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच्या काही दिवस आधी, २७ मे रोजी, माता रमाई गेल्या होत्या. प्राचार्य असताना कायद्याचे शिक्षण कसे असावे यावर त्यांनी लेख लिहिला. त्याचा सारांश आपल्या शब्दांत सांगायचा तर, नुसती कलमे पाठ केली म्हणजे वकील होत नाही. कायद्यामागचे तत्त्व कळले पाहिजे, जगाचे सामान्य ज्ञान हवे, आणि बोलणे-लिहिणे नेमके व मुद्देसूद हवे. पुढे १९४२ मध्ये ते मजूरमंत्री झाले, आणि १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४७ मध्ये ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हिंदू कोड बिल अडले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. आपल्या समाजाला वकील हवेत म्हणून १९५६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ लॉ कॉलेज मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले.

हा माणूस आपल्या मावळाला परका नव्हता. तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला होता. शेजारच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. मनुस्मृती दहनाला त्या दिवशी बरोबर २७ वर्षे झाली होती. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात भिक्षुसंघाला गाव दान दिल्याचे लेख दगडात कोरलेले आहेत. जमीन कुणाची, कुणासाठी दिली, राजाच्या माणसांनी तिथे काय करायचे नाही, असे सगळे त्यात लिहिलेले आहे. लिहून ठेवले म्हणून दोन हजार वर्षांनीही वाचता येते. आपल्या बापजाद्यांच्या वतनी जमिनींचे कागद मात्र कितीक घरांत कुणी वाचलेच नाहीत. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने मिळाल्या. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत हेही अनेकांना ठाऊक नव्हते. सातबारा, फेरफार, जुनी नोंद समजावून सांगणारा घरचा माणूस असता तर किती जणांची फसगत टळली असती! वडगावच्या कोर्टात आपला वकील हवा, तो यासाठी.

आता मुलांना चार व्यवहाराच्या गोष्टी. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा पार करावी लागते. सनदेसाठी बाबासाहेबांना हात पसरावे लागले. आज ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने नावनोंदणीची फी कायद्यात आहे तेवढीच घ्यायची आहे, सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, मुद्रांक शुल्क वेगळे. कुणी जास्त मागितले तर हा निकाल दाखवा.

१ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही कायदे नवे आहेत, तेव्हा कुणाची जुनी पुस्तके मिळाली तर जुनी आणि नवी कलमे ताडून वाचा. न्यायाधीश व्हायचे असेल तर मे २०२५ च्या निकालाने आधी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली आहे, म्हणजे ती फाईल धरण्याची वर्षे वाया जात नाहीत. सरकारी वकिलाच्या परीक्षा आहेत, बँकांत आणि कंपन्यांत विधी अधिकाऱ्याच्या जागा आहेत, विधी सेवा समितीच्या पॅनेलवर गरिबांची कामे मिळतात. मराठी अर्ज शुद्ध लिहायला शिका आणि इंग्रजी निकाल रोज एक वाचा. तारखेला वेळेवर जा, अशिलाला खोटी आशा दाखवू नका, आणि त्याचे मूळ कागद हरवू नका.

आणि घरच्यांना हात जोडून एवढेच सांगणे, की पोराला तीन वर्षे द्या. विहारानेही आपला वाटा उचलावा. आपल्या वाचनालयात कायद्याच्या पुस्तकांचे एक कपाट व्हावे आणि नव्या वकिलाच्या पहिल्या सनदेची फी विहाराच्या दानपेटीतून जावी, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांना एक भथेना भेटले. आपल्या मुलांसाठी आपण सगळ्यांनी मिळून भथेना व्हायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!