एडनचा पहिला अंमलदार : कप्तान हेन्स

एडन हे नाव मराठी विद्यार्थ्याला अपरिचित नाही. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर सरकारने तेथेच कोंडून ठेवले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. परंतु अरबस्तानाच्या टोकाशी असलेल्या या गावात मुंबई सरकारचा तुरुंग कसा आला, असा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. त्याचे उत्तर एका मनुष्याच्या चरित्रात साठविलेले आहे. तो मनुष्य म्हणजे कप्तान स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स. त्याला आम्ही थोर पुरुष म्हणून येथे उभा करीत नाही आणि दुष्ट म्हणूनही नाही. परक्या लोकांचे ज्ञान मिळविणे आणि त्यांना न्याय देणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे त्याच्या आयुष्यावरून स्वच्छ दिसते. म्हणून ते सांगण्याचे योजिले आहे.

हेन्सचा जन्म 1802 सालचा. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईस स्वतःचे आरमार होते. त्यात तो कोवळ्या वयातच दाखल झाला. या आरमाराचे काम केवळ लढण्याचे नव्हते. किनाऱ्यांची मोजणी करणे, पाण्याची खोली पाहणे, खडक व बंदरे नकाशावर नोंदणे हेही त्याच्याकडे असे. हेन्सने या कामात नाव मिळविले. पालिन्यूरस नावाच्या जहाजावरून 1834 पासून पुढे त्याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी केली. किनारा मोजता मोजता तो किनाऱ्यावरची माणसेही पारखू लागला. कोणत्या टोळीचे कोणाशी वैर आहे, कोणाची सोयरीक कोठे झाली आहे, कोणता शेख कोणाला खंडणी देतो, हे सारे तो बारकाईने टिपून ठेवी.

या नोंदींची मुंबई सरकारला लवकरच गरज पडली. 1830 मध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून निघून सुएझला पोहोचली आणि विलायतेचा टपालमार्ग तांबड्या समुद्रावरून जाणार, हे ठरून गेले. पण आगबोटीला कोळसा लागतो आणि वाटेत तो साठविण्यास सुरक्षित जागा लागते. प्रथम सोकोत्रा बेटाचा विचार झाला. परंतु तेथील सुलतानाने बेट विकण्याचे साफ नाकारले आणि तेथे उतरविलेली फौज तापाने हैराण होऊन परत आली. शिवाय इजिप्तच्या महंमद अलीचे सैन्य येमेनमध्ये शिरले होते, त्याचीही इंग्रजांना धास्ती होती. अशा वेळी सर्वांची दृष्टी एडनकडे वळली. विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतले हे प्राचीन बंदर त्या काळी उतरत्या कळेला लागून जेमतेम सहाशे वस्तीचे खेडे झाले होते. त्यावर सत्ता होती लहेजच्या अब्दली टोळीचा सुलतान मुहसिन याची.

जागा हवी होती. निमित्त मात्र नव्हते. ते एका यात्रेने पुरविले. जानेवारी 1837 मध्ये दर्या दौलत नावाचे एक जहाज एडनजवळ खडकांवर आपटून फुटले. जहाज हिंदुस्थानातले होते, त्यावर इंग्रजी निशाण होते आणि मालाबरोबर मक्केच्या यात्रेला निघालेले हिंदी मुसलमान यात्रेकरूही त्यात होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाज लुटले. जीव वाचवून काठाला लागलेल्या यात्रेकरूंच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले आणि स्त्रियांची विटंबना केली. यात्रेकरूंचे हे दुःख खरे होते, यात शंका नाही. तथापि या प्रकरणाला दुसरीही बाजू होती. हे जहाज आपोआप खडकावर गेले नसून मालाच्या लोभाने मुद्दाम घातले गेले असावे, असाही संशय पुढे व्यक्त झाला. म्हणजे गुन्हा एकट्या सुलतानाचा होता, की किनाऱ्यावरच्या लुटारूंचा, की जहाजावरच्याच कोणाचा, हे नीट निवडून पाहणे अवश्य होते. मुंबईचे त्यावेळचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रांट (मुंबईच्या ग्रांट वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते) यांच्या सरकारला एवढ्या खोलात शिरण्याचे कारण वाटले नाही. त्यांनी हेन्सला दोन कामे सांगून धाडले : लुटीची भरपाई मागावी आणि जमल्यास एडनच मागून घ्यावे.

डिसेंबर 1837 च्या अखेरीस हेन्स एडनला पोहोचला. लुटीचा बराचसा माल सुलतानाने परत केला आणि उरलेल्या रकमेची हमी लिहून दिली. यात्रेकरूंचा तंटा येथेच मिटावयास हरकत नव्हती. परंतु बोलणे तेवढ्यावर थांबले नाही. दरसाल 8,700 डॉलर घेऊन एडन इंग्रजांना द्यावे, असा मजकूर जानेवारी 1838 मध्ये ठरला. सुलतान वृद्ध होता आणि दोन्हीकडून कोंडीत सापडला होता. त्याचा मुलगा हमीद याला हा व्यवहार मुळीच मान्य नव्हता. हेन्सला पकडून त्याच्याजवळचे कागद हिसकावून घेण्याचा बेत त्याने रचला. हेन्सच्या हेरांनी ती बातमी वेळेवर आणली आणि तो निसटून मुंबईस परतला. ऑक्टोबर 1838 मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा बोलण्याऐवजी गोळीबारच सुरू झाला. शेवटी 19 जानेवारी 1839 रोजी दोन लढाऊ जहाजांच्या तोफांच्या आड मुंबईच्या पलटणी एडनला उतरल्या आणि काही तासांतच गाव हाती आले. अरबांचे सुमारे 150 लोक पडले. इंग्रजांची हानी त्या मानाने फारच थोडी झाली. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत इंग्रजी साम्राज्याला जोडला गेलेला हा पहिला मुलूख होय.

यानंतर पंधरा वर्षे हेन्स तेथे पोलिटिकल एजंट होता. या काळात एकदाही रजा घेऊन तो बाहेर गेला नाही. एडनला अन्नधान्य आणि भाजीपाला लहेजच्या बाजूने येई. टोळ्यांनी रस्ता अडविला की गावाच्या तोंडचा घास थांबे. फौज थोडी आणि मुंबई लांब. म्हणून हेन्सने तलवारीपेक्षा थैलीवर आणि बातमीवर अधिक भिस्त ठेवली. सुलतान मुहसिनला त्याने वर्षाला 6,500 डॉलरचा तनखा बांधून दिला. तो हल्ला करी तेव्हा बंद करावयाचा आणि शरण येई तेव्हा पुन्हा सुरू करावयाचा. अब्दलींचे फदलींशी वैर, फदलींचे आणखी कोणाशी. ही वैरे त्याला तोंडपाठ होती आणि ती सर्व एकाच वेळी मिटणार नाहीत याची तो काळजी घेई. त्याचे हेर दूरच्या गावांतील पत्रेसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचवीत.

इतके ज्ञान असूनही त्याला शांतता लाभली नाही. 1839 च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा 1840 मध्ये टोळ्यांनी एडनवर चढाया केल्या. 1846 मध्ये तर मक्केकडून सय्यद इस्माईल नावाचा एक धर्मोपदेशक आला. परक्यांना हाकलून देण्याच्या त्याच्या हाकेने एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या टोळ्या एकत्र आल्या आणि तटावर तुटून पडल्या. तो हल्ला फसला. परंतु त्यातून एक गोष्ट उघड झाली. ज्या मक्केच्या यात्रेकरूंचे नाव सांगून एडन घेतले गेले, त्याच मक्केच्या नावाने ते परत मागितले जात होते. हेन्सच्या वहीत टोळ्यांची वैरे होती. आपली भूमी गेल्याचे दुःख सर्वांचे एकच असते, ही नोंद त्यात नव्हती.

दुसरीकडे गाव मात्र भराभर वाढले. हेन्सने व्यापाऱ्यांना अभय दिले. अरब, यहुदी, सोमाली, पारशी, बोहरी आणि बनिये तेथे येऊन राहिले. सहाशे वस्तीच्या ठिकाणी काही वर्षांतच पंधरा हजारांहून अधिक वस्ती झाली आणि 1850 मध्ये एडन जकातमुक्त बंदर झाले.

हे सारे चालले असता खजिन्याचे हिशेब मात्र ढिले राहिले. जाणते कारकून द्यावेत म्हणून हेन्स मुंबईकडे मागणी करी. सरकार काटकसरीचे कारण सांगून ती नाकारी. अखेर 1854 मध्ये तपासणी झाली आणि सुमारे 28 हजार पौंडांची, म्हणजे त्यावेळच्या पावणेतीन लाखांहून अधिक रुपयांची, तूट निघाली. हेन्सला मुंबईस आणून त्याच्यावर अफरातफरीचे खटले भरले. पंचांनी दोन्ही वेळा त्याला निर्दोष ठरविले. तरीही सरकारने त्या रकमेबद्दल दिवाणी दावा लावून त्याला कर्जदार म्हणून तुरुंगात टाकले. तो जवळजवळ सहा वर्षे तेथे खितपत पडला. 1860 मध्ये नवे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी त्याची सुटका केली. पण तोवर शरीर पार खचले होते. 16 जून 1860 रोजी मुंबई बंदरात, मायदेशी निघालेल्या जहाजावरच त्याने प्राण सोडला.

हेन्सनंतर थोडे महिने एडनचा कारभार पाहण्यास जे आले, ते जेम्स औट्रम खानदेशच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. 1825 मध्ये त्यांनी तेथे भिल्लांची पलटण उभारली होती. डोंगरातल्या भिल्लांना ओळखणारा अधिकारी अरबांच्या टोळ्यांवर नेमावा, असे सरकारला वाटले, यात नवल नाही. सातपुड्यात असो की अरबस्तानात, राज्यकर्त्यांची रीत एकच होती : आधी लोकांना जाणून घ्यावयाचे आणि मग त्या जाणण्याचा उपयोग त्यांना आवरण्यासाठी करावयाचा. आमच्या बिरसा-बैहर भागालाही ही रीत नवी नाही. बैगांच्या चालीरीती साहेबांनी मोठ्या कौतुकाने लिहून घेतल्या आणि त्याच काळात जंगले राखीव करून त्यांची बेवर शेती बंद करविली. पुढे 1890 मध्ये मंडला जिल्ह्यात बैगा चक म्हणून थोडी जागा त्यांच्यासाठी वेगळी काढण्यात आली. जे सारे रान त्यांचे होते, त्यातला एक तुकडा त्यांना देणगी म्हणून मिळाला.

विद्यार्थी मित्रांनो, हेन्सची चिकाटी, त्याचे परिश्रम आणि परक्या भाषेत, परक्या माणसांत शिरण्याची त्याची हौस हे गुण घेण्याजोगे आहेत. परंतु ज्यांना तो इतका ओळखत होता, त्यांना काय हवे आहे, हे विचारण्याचे त्याच्या हुद्द्यात बसत नव्हते. आणि ज्या सरकारसाठी त्याने हे केले, त्या सरकारनेही शेवटी त्याला हिशेबातल्या एका रकमेपलीकडे ओळखले नाही. एडनवरचा मुंबईचा अंमल 1932 पर्यंत टिकला आणि 1967 च्या नोव्हेंबरात इंग्रजही तेथून निघून गेले. मुंबईच्या तुरुंगात हेन्स झिजला, एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत गेले. दोघांच्या मरणात तेवीस वर्षांचे अंतर आहे आणि त्यांचे मार्ग तर अगदी उलट. एकाने दुसऱ्यांची भूमी मिळविण्यासाठी आयुष्य वेचले, दुसऱ्याने स्वतःची भूमी सोडविण्यासाठी. आपण आपल्या शेजारच्या पाड्यावरील माणसांविषयी उद्या काही शिकू, लिहू किंवा अधिकारपदावर बसून त्यांच्यासंबंधी निर्णय देऊ, तेव्हा त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतले आहे ना, एवढे स्वतःला विचारावे. हेन्सचे चरित्र वाचल्याचे सार्थक त्यातच आहे.