कर्जात बुडालेला चित्रकार : रेम्ब्रांट

उधळ्या पुत्राचे ते प्रसिद्ध चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. झिजलेल्या जोड्यांचा मुलगा गुडघे टेकून बसला आहे आणि म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. हे चित्र काढणाऱ्याचे स्वतःचे राहते घर कर्जापायी लिलावात गेले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

रेम्ब्रांटचा जन्म १६०६ साली हॉलंडमधील लायडन येथे एका गिरणीवाल्याच्या घरी झाला. पंचविशीत तो आम्सटरडामला आला आणि लवकरच त्याचे नाव झाले. १६३४ साली सास्किया या सुखवस्तू घरातील मुलीशी त्याचा विवाह झाला. १६३९ साली त्याने शहरात १३,००० गिल्डरला मोठे घर घेतले. त्या काळी कुशल कारागिराला वर्षाला तीनशे गिल्डरच्या आसपास मिळत, यावरून या रकमेचा अंदाज यावा. काही पैसे आधी द्यायचे आणि बाकीचे पाच-सहा वर्षांत फेडायचे, असा करार होता.

मिळकत चांगली होती, पण हात सढळ होता. लिलावांत जाऊन तो चित्रे, जुनी शस्त्रे, शिंपले, पुतळे घेई. पुढे आपल्या इकडची मोगल दरबारची चित्रेही त्याच्या हाती आली. त्यांवरून त्याने काढलेल्या सुमारे दोन डझन नकला आजही आहेत. घराचे हप्ते मात्र थकत गेले.

सास्कियाची तीन मुले तान्हेपणीच गेली. १६४२ साली तीही वारली. मागे राहिला वर्षाच्या आतला तीतुस. तिच्या मृत्युपत्राप्रमाणे तिचा वाटा मुलाचा होता. बापाने पुन्हा लग्न केले नाही तोवरच त्याला त्याचा उपभोग घेता येणार होता. पुढे हेंड्रिक्ये नावाची बाई त्याच्या घरी राहू लागली. लग्न झाले नव्हते. १६५४ साली मंडळीच्या पंचांनी तिला बोलावले आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवले. त्याच वर्षी तिला मुलगी झाली व त्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. लग्न न करण्यामागे या मृत्युपत्राची अट असावी असे पुष्कळांना वाटते. शिक्षा मात्र त्या बाईलाच भोगावी लागली, हे मनाला लागते.

१६५३ साली घराच्या मूळ मालकाने सुमारे साडेआठ हजार गिल्डरची बाकी मागितली. इंग्लंडशी युद्ध चालू होते आणि पैसा महाग झाला होता. रेम्ब्रांटने विट्सेन, हेर्ट्सबेक वगैरे धनिकांकडून नवे कर्ज काढून जुने बहुतेक फेडले. आता ओझे या नव्या धनकोंचे झाले. १६५६ च्या मे महिन्यात त्याने घर तीतुसच्या नावे करून दिले. मुलाचा हक्क राखण्यासाठी असेल, पण धनकोंना ते कसे दिसले असेल याची कल्पना करावी. जुलैत त्याने नादारीचा अर्ज केला. व्यापारात व समुद्रावर नुकसान झाले, असे कारण त्यात होते. शिंपल्यांचा आणि तलवारींचाही त्यात वाटा होता, असे म्हणणे भाग आहे.

अर्ज मान्य झाला. अशा कायद्याने ऋणकोचे शरीर तुरुंगातून वाचे, पण त्याची मालमत्ता धनकोंची होई. कारकुनांनी खोलीखोलीत फिरून ३६३ नोंदींची यादी केली. (आज ते घर संग्रहालय आहे, त्याच यादीवरून खोल्या पुन्हा मांडल्या आहेत.) संग्रहाला लिलावात फारच कमी पैसे आले. १६५८ च्या फेब्रुवारीत घरही ११,२१८ गिल्डरला विकले गेले. तारण घेऊन बसलेले धनको आधी उभे राहिले. त्या वर्षी नगराध्यक्षांपैकी एक झालेल्या विट्सेनला सगळे पैसे मिळाले. तीतुसच्या पालकाने मुलाच्या वाट्यासाठी हेर्ट्सबेकवर दावा लावला. तो कितीतरी वर्षे चालला, आणि १६६५ साली तीतुसच्या हाती ६,९५२ गिल्डर आले.

नादारीच्या त्याच वर्षी, १६५६ मध्ये, त्याने याकोब योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देतो ते चित्र काढले. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात योसेफाला बापाचा हात धाकट्यावर गेलेला आवडत नाही. चित्रात त्याच्या चेहऱ्यावर नाराजी नाही; तो बापाला हळुवार आधार देतो आहे. अध्यायात नसलेली आसनथ, मुलांची आई, तीही शेजारी उभी आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा अध्याय शिकवताना हे चित्र जरूर दाखवावे.

कुटुंब रोझेनग्राख्त या साध्या वस्तीत भाड्याच्या घरी गेले. १६६० साली हेंड्रिक्ये व तीतुस यांनी चित्रांचा धंदा आपल्या नावे केला आणि रेम्ब्रांट तेथे केवळ राहण्याजेवण्यावर काम करणारा ठरला, म्हणजे धनकोंना त्याच्या नव्या कमाईला हात लावता येऊ नये. त्याच वर्षी त्याने पेत्र प्रभूला नाकारतो ते चित्र काढले; पुढच्या वर्षी स्वतःलाच प्रेषित पौलाच्या रूपात रंगवले. तरी ओढाताण संपली नाही. १६६२ साली त्याला सास्कियाची कबरही विकावी लागली.

१६६३ साली हेंड्रिक्ये गेली. १६६८ साली तीतुस लग्नानंतर सात महिन्यांत वारला. त्याच्यामागे जन्मलेल्या मुलीचा बाप्तिस्मा आजोबाने पाहिला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रांट मरण पावला. वेस्टरकेर्क या मंदिरात भाड्याच्या कबरेत त्याला पुरले.