दिल्ली, नागपूर, सागर : तीन विद्यापीठांचा कुलगुरू झालेल्या वकिलाने आयुष्याची कमाई शिक्षणासाठी देऊन टाकली

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनचं पोरगं वणीच्या कॉलेजातून बीए झालं की त्याच्या पदवीवर कुलगुरूंची सही असते. आज ही सही अमरावती विद्यापीठाच्या कुलगुरूंची असते. १९८३ साली अमरावती विद्यापीठ सुरू झालं, त्याआधी अख्खा वऱ्हाड नागपूर विद्यापीठात यायचा. म्हणजे मुकुटबनच्या जुन्या पदवीधरांच्या पदव्या नागपूरच्या.

पण ही सही करणारा माणूस नेमकं करतो काय? परीक्षा लांबली, निकाल रखडला की त्याचं नाव पेपरात येतं. एरवी पदवीदान समारंभात झगा घालून बसलेले दिसतात, तेवढंच लोकांना माहीत.

कुलगुरूचं काम समजून घ्यायचं तर एका माणसाचं आयुष्य बघायला पाहिजे. नाव डॉ. सर हरिसिंह गौर.

गौर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० चा, सागरचा. आज हे गाव मध्य प्रदेशात आहे. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी सागरला कॉलेज नव्हतं, त्यामुळे पुढं शिकायचं तर गाव सोडणं आलंच. गौर नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात शिकले. तिथून थेट इंग्लंड गाठलं. केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मध्य प्रांतात वकिली सुरू केली.

वकिली अशी चालली की पैसा आणि नाव दोन्ही मिळालं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, भारतीय दंड संहिता, हिंदू कायदा या विषयांवर त्यांनी लिहिलेले जाडजूड ग्रंथ देशभरातल्या वकिलांच्या टेबलावर जाऊन बसले. नागपूर नगरपालिकेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

१९२१ साली ते केंद्रीय कायदेमंडळात होते. भारताचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असावं, असा ठराव त्यांनी तिथं मांडला. तेव्हा शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये चालायचं. १९२३ साली त्यांच्याच प्रयत्नातून विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता एकमेकांत नोंदणी लग्न करता येऊ लागलं. स्त्रियांना वकिली करता यावी म्हणूनही ते भांडले आणि त्यासाठीचा कायदा त्याच वर्षी झाला.

याच धामधुमीत १९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झालं आणि पहिले कुलगुरू म्हणून गौर यांची नेमणूक झाली.

आजचं दिल्ली विद्यापीठ डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा तिथं तीन कॉलेजं होती. सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस. कला आणि विज्ञान या दोन शाखा, विद्यार्थी साधारण ७५०. स्वतःची इमारत नाही, पैशाची कायम ओढाताण. तिन्ही कॉलेजं विद्यापीठाहून जुनी, त्यामुळे प्रत्येकाचा आपला बाणा. त्यांना एका अभ्यासक्रमाखाली, एका परीक्षेखाली आणायचं आणि सरकारकडून अनुदान मिळवत राहायचं, हे कुलगुरूचं काम. १९२६ पर्यंत गौर यांनी ते केलं.

दरम्यान ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ सुरू झालं होतं. त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. सुरुवातीला सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी, पण क्षेत्र मात्र अख्खा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. पुढं या विद्यापीठाचं कुलगुरूपदही गौर यांच्याकडे आलं. दिल्लीत एका शहराचा कारभार होता, इथं मराठी आणि हिंदी मुलखाचा पसारा होता.

गौर यांच्यावर टीका झाली नाही असं नाही. १९२८ साली देशभर सायमन कमिशनवर बहिष्कार सुरू असताना कमिशनसोबत काम करणाऱ्या भारतीय केंद्रीय समितीत ते बसले. इंग्रजांनी दिलेली सर ही पदवीही त्यांच्याकडे होती. राजकारणात त्यांची वाट काँग्रेसपेक्षा वेगळी राहिली.

पण वयाची पंचाहत्तरी गाठल्यावर त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही.

सागरच्या पोराला शिकायला गाव सोडावं लागतं, ही गोष्ट त्यांनी स्वतः भोगली होती. मग आपल्या गावातच विद्यापीठ काढायचं ठरलं. सुरुवातीला खिशातून २० लाख रुपये दिले. १९४६ चे २० लाख. १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ सुरू झालं, तेही दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकींमध्ये. मध्य प्रांतातली हिंदी भागातली कॉलेजं नागपूरकडून सागरकडे गेली. संस्थापक कुलगुरू अर्थातच गौर.

प्राध्यापक शोधणं, विभाग उघडणं, जागा मिळवणं, पै पैचा हिशोब ठेवणं, हे सगळं ते करत राहिले. २५ डिसेंबर १९४९ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हाही ते कुलगुरूच होते. मृत्युपत्रातून सुमारे दोन कोटींची मालमत्ता त्यांनी विद्यापीठाला दिली. पुढं याच विद्यापीठातून रजनीश, म्हणजे ओशो, तत्त्वज्ञानात एमए झाले. १९८३ साली विद्यापीठाला गौर यांचं नाव मिळालं आणि २००९ साली ते केंद्रीय विद्यापीठ झालं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. राज्यपाल हे कुलपती, म्हणजे मानाचे प्रमुख. रोजचा कारभार कुलगुरूंचा. शोध समिती नावं सुचवते, कुलपती त्यातून एकाची निवड करतात. मुदत पाच वर्षं, वयाची मर्यादा ६५. व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या दोन्हींचे अध्यक्ष कुलगुरू. म्हणजे पैसा कुठं खर्च व्हायचा आणि वर्गात काय शिकवायचं, दोन्ही टेबलांवर शेवटी तेच बसतात. परीक्षा वेळेत घेणं आणि ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावणं, ही जबाबदारीही विद्यापीठाची. उशीर झाला तर त्याची कारणं द्यावी लागतात.

कुलगुरूने स्वतःची संपत्ती द्यावी असं कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण विद्यापीठ आपल्या गावच्या पोरांसाठी आहे, ही जाणीव गौर यांच्याकडे शेवटपर्यंत होती. मुकुटबनच्या पोराचा निकाल एक महिना रखडला तर त्याचा पुढचा प्रवेश हुकतो, नोकरीचा फॉर्म राहून जातो आणि अख्खं वर्ष वाया जातं. पदवीवरच्या त्या सहीची खरी जबाबदारी हीच आहे.